शेजारी कोण होतं

दिवाळे गावच्या जेट्टीजवळ रोज सकाळी ती मासळी घेऊन बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. भाव विचारायच्या आत ती माशाचा कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवते, मग टोपलीवर पाण्याचा हबका मारते. शेजारच्या मासळीवालीशी जागेवरून तिचं रोज वाजतं.

एकदा माझा चेहरा बघून म्हणाली, "टेन्शन हाय काय?"

मी म्हटलं, "आम्ही ताऱ्यांचे स्फोट बघतो. परवा एक अगदी वेगळ्याच तऱ्हेचा सापडला. अशा स्फोटाचा सुरुवातीचा अतिनील प्रकाश मिळाला, तर मरणाऱ्या ताऱ्याशेजारी कोण होतं ते कळू शकतं. आमची दुर्बीण उशिरा वळली. आता नुसता झगमगाट दिसतोय."

बोंबील लावणारा तिचा हात थांबला.

"माजा घरवाला खाडीत बुडाला, तवा सांजच्याला घर मानसांनी भरला व्हता. सगली रडत व्हती. पन त्याच्या आदी, सकाली त्याला चिखलातून वर काढताना माज्यासंगती कोन व्हता, त्ये मना म्हाईत हाय."

मग तिने तांब्या बुडवला आणि पहिला हबका शेजारणीच्या टोपलीवर मारला.