दुधनीच्या गोदामातली मोटार आणि तिच्या नाकावरची बाई

निघायला मी अजिबात वेळ लावला नाही. मोटारीचे फोटो मुंबईच्या संग्राहकाला पाठवले होते, त्यावर त्याचं एका ओळीचं उत्तर आलं : बॉनेटवरची पंखवाली बाई कुठे आहे? तो दुसऱ्याच दिवशी सकाळी दुधनीला येणार होता.

गाडी माझ्या थोरल्या भावाची. अमेरिकन, स्वातंत्र्याच्या आसपासची, एका संस्थानिकाकडून आलेली. कंपनीचं नाव लिहीत नाही; मागे लिहिलं तेव्हा अनोळखी माणसं वहिनींच्या दारात उभी राहिली. आता दादा नाहीत, गोदाम विकलं गेलं आहे आणि महिनाअखेर ते रिकामं करून द्यायचं आहे. हे गिऱ्हाईक फिरलं, तर गाडी भंगारात जाणार.

जाणाऱ्यांसाठी : सोलापूर स्टँडवरून अक्कलकोटला एसट्या भरपूर, पुढे दुधनीला कमी. बायकांना अर्धं तिकीट. अक्कलकोटपर्यंत रस्ता छान. पुढे पाठ सांभाळा. पाणी जवळ ठेवा. अक्कलकोटला मी नुसता चहा घेतला, तोही संपवला नाही.

वाटेत संग्राहकाला फोन केला. त्याने समजावलं, की अशा गाड्या मुळात मोजक्याच आल्या. बहुतेकांना लोकांनी डिझेलचं इंजिन बसवलं, नवा रंग फासला आणि लग्नांच्या वरातींत झिजवल्या. आपल्या गाडीचा रंग, इंजिन, बैठकीचं कापडसुद्धा मूळचं आहे, म्हणून ती दुर्मीळ. तिच्या नाकावर दुसरीच मूर्ती बसवली, तर जाणकाराला लगेच कळतं. माझ्या मागच्या बाकावर दोघे तुरीच्या भावावरून अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत भांडत होते. मला त्यांचा हेवा वाटला.

गोदामात पोचताच पदर खोचला. पोत्यांखाली, सीटांखाली, जुन्या टायरांत शोधलं. वहिनी दारात बसून पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "वन्सं, काय हरवलंय ते सांगा की."

सांगितलं.

"ती व्हय? ती देवघरात हाय."

दादांनी मूर्ती चोरीच्या भीतीने काढून नव्या नवरीच्या हातात दिली होती. वहिनी कर्नाटकातून आलेल्या, मराठी तेव्हा येत नव्हतं. नवऱ्याने हातात दिली ती घरची लक्ष्मी, असं त्या समजल्या. तेव्हापासून दर शुक्रवारी दुधाने अंघोळ, हळद, कुंकू. पंखांच्या खाचांत लाल थर बसलेला, चकाकी उडालेली. मी ब्रश मागितला. त्यांनी दिला नाही.

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, वांगं. उत्तम होतं, दुधनीत कुणी जेवा म्हटलं तर नाही म्हणू नका. मी मात्र जेवताना गोदाम, भंगारवाला, महिनाअखेर हेच बोलत राहिले. वहिनींनी ऐकून घेतलं.

"लक्ष्मीला असं उचलून देत न्हाईत," एवढंच म्हणाल्या.

सकाळी संग्राहक आला. गाडीभोवती फिरला, काचेला नाक लावलं, वाकून खाली पाहिलं. मग बॉनेटवरच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात वहिनी आल्या. मूर्तीवर अक्षता टाकून ती जागची हलवली होती, गौरीला हलवतात तशी. नव्या खणात गुंडाळली होती, सोबत नारळ, तांदूळ. लेक सासरी पाठवावी तशी ओटी भरून त्यांनी ती त्या माणसाच्या हातात दिली. त्याने खण उलगडून मूर्तीचा तळ पाहिला आणि पहिल्यांदाच हसला. मूळचीच होती.

"शुक्रवारी दूध घालायचं," वहिनींनी बजावलं. "विसरायचं न्हाय."

क्रोमवर दूध या कल्पनेनेच त्याचा चेहरा पडला. तरी मान हलवली. गाडी ट्रकवर चढली. वहिनी आत गेल्या आणि देवघरातली रिकामी जागा पुसत बसल्या.

परतीचा प्रवास आठवत नाही. काळजी मिटली असं वाटलं होतं. शुक्रवारी वहिनींचा फोन आला : त्या माणसाला विचारा की, घातलं का? मी विचारलं. तो म्हणाला, हो, घातलं. माझं आयुष्य वर्गात गेलं. खोटं बोलणारा मुलगा पहिल्या शब्दाला ओळखते. त्याला उलट प्रश्न केला नाही.

वहिनींना कळवलं, "घातलं म्हणाला."

आता दर शुक्रवारी सकाळी फोन वाजण्याआधीच मी उठून बसलेली असते.