संवादाखालचं संगीत

मी कधीही न ऐकलेली एक चाल माझा पिच्छा सोडत नाही. सिडनीत वेस्टमीडच्या हॉस्पिटलात मी कानांच्या तपासण्या करते. तपासणीची केबिन रिकामी असली की आत जाऊन जाड दार लावून घेते. आत इतकी शांतता असते की स्वतःचं गिळणं ऐकू येतं. बाकी काही नाही. तरी मी जातेच.

ती चाल एका इजिप्शियन गृहस्थांची. वडिलांच्या वयाच्या माणसाला नावाने हाक मारणं मला इथे इतकी वर्षं काढूनही जमत नाही, म्हणून मी त्यांना अंकल म्हणायचे. लग्नाच्या बँडमध्ये अकॉर्डियन वाजवता वाजवता ते कैरोच्या स्टुडिओत शिरले आणि सिनेमांना संगीत देऊ लागले. पुढे एकटा कीबोर्डवाला अख्ख्या वाद्यवृंदाचं काम उरकायला लागला, तशी यांना बोलावणी येईनाशी झाली. बायको गेल्यावर ते सिडनीला मुलीकडे आले.

"डॅडना सारखी व्हायोलिन्स ऐकू येतात," त्यांना तपासायला घेऊन आलेली मुलगी म्हणाली. "आय गेट स्केअर्ड."

घाबरण्यासारखं नव्हतं. ऐकू कमी आलं की मेंदू कधीकधी स्वतःच वाजवत बसतो. कानाचं मशीन लावलं की बहुतेक वेळा थांबतं. हे मी त्यांना मोठ्याने, आनंदाची बातमी द्यावी तसं सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला. "ती माझीच चाल आहे," ते म्हणाले. "दिग्दर्शकाने सिनेमातून कापली. टेपही उरली नाही. आता फक्त माझ्याकडे आहे."

मग नका लावू मशीन, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण मुलगी पर्सचा पट्टा पिळत बसली होती. "मी ओरडून ओरडून दमले," ती मला म्हणाली. "आता घरात आम्ही बोलतच नाही." धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

ते तिच्या हलणाऱ्या ओठांकडे बघत होते. "सिनेमात संवाद सुरू झाला की संगीत खाली घ्यायचं असतं," ते म्हणाले. "लावा."

काही आठवड्यांनी दोघं पुन्हा आले. मुलगी खुशीत होती, घरात गप्पा चालू झाल्या होत्या. ती गाडी आणायला गेल्यावर मी विचारलं, "अंकल, रात्री मशीन काढल्यावर येते का चाल?"

"काढून वाट बघत बसतो. येत नाही. तिला सांगू नकोस."

इतक्यात त्यांच्या पाठीमागून, दारातून, मुलीने अगदी हलक्या आवाजात हाक मारली. त्यांनी लगेच मान वळवली.