हिलाल नाना आणि न संपणारे रोट

लॉकडाऊनमध्ये जळगावात कोणाला किराण्याची चिंता होती, कोणाला दवाखान्याची. आमचे शेजारी हिलाल नाना मात्र घरातलं पीठ संपत नाही म्हणून रडकुंडीला आले होते. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, मी भिंतीपलीकडून रोज ऐकत होते.

नाना म्हणजे गाईड. स्टेशनवरून पाहुणे उचलायचे, आपल्याच गाडीतून अजिंठ्याला न्यायचे, लेणी दाखवायची आणि रात्री घरच्याच वरच्या खोलीत उतरवायचे. मार्चमध्ये लेणी बंद झाली, विमानं बंद झाली आणि वरच्या खोलीत पोर्तुगालचा दाढीवाला टियागो अडकला. गल्लीनं त्याचा त्यागू केला. नानांची जीभ काही बंद पडेना. बॅटरी घेऊन ते त्यागूला घरातल्याच भिंती दाखवायचे. ओल आलेल्या जागेसमोर उभं राहून "ऑब्झर्व्ह द एक्स्प्रेशन!" म्हणायचे आणि तो बिचारा ऑब्झर्व्ह करायचा. बेबाअक्का म्हणजे नानांची बायको, ती म्हणायची, "चुना लावा म्हटलं तर ऐकत नाहीत, वर तिकीट लावतील!"

श्रावण लागला आणि आमच्या खानदेशातली कुळदेवी कानबाई घरोघरी बसायला आली. आता कानबाईचे रोट म्हणजे चेष्टा नाही. भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे. त्या पिठाचे रोट भावकीतल्यांनीच खायचे आणि राखी पौर्णिमेच्या आत सगळं पीठ संपवायचं. परक्याला घास द्यायचा नाही, टाकायचं तर नाहीच. उरलं तर देवी रुसते.

नानांची भावकी सुरत, दोंडाईचा, शिरपूर अशी पसरलेली. सगळे फोनवर म्हणाले, "पास मिळाला की निघालोच!" नाना खूश. सगळ्यांच्या नावानं मुठी काढल्या, त्याही हात सैल सोडून. "आधी येऊ तर द्या," अक्का ओरडली. पण ऐकतील ते नाना कसले! पास कोणालाच मिळाला नाही. डबाभर पीठ आणि खाणारी तोंडं दोन.

नाना सकाळी रोट खायचे, दुपारी रोट खायचे, मग पोटावर हात ठेवून गच्चीवर फेऱ्या मारायचे. अक्काला हसू येत नव्हतं. तिचा पोरगा नवीन सुरतला एका खोलीत अडकलेला, शेजारच्या खोलीतला माणूस करोनानं नुकताच गेलेला. पीठ उरलं तर पोराला काही होईल, एवढंच तिच्या डोक्यात. ती घास गिळायची आणि रडायची.

आणि त्यागू? तो तव्यावरचा वास घेत जिन्यात बसायचा. त्याच्यासाठी वेगळ्या पोळ्या व्हायच्या, पण त्याचा जीव रोटात. चार-पाच महिन्यांत अहिराणी शिकला होता मेला. "नाना, मले भूक लागनी!" नाना भरल्या तोंडानं सांगायचे, "नो, नो! फॅमिली गॉडेस! ओन्ली भाऊबंद!" माझ्याही तोंडाला पाणी सुटायचं, पण मी पडले परक्या कुळातली, मला कोण विचारतो.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशीही डब्यात पीठ होतंच. नाना ताटासमोर मटकन बसले आणि बोलले, "बेबा, आता माझ्याच्यानं होत नाही." अक्कानं पदर तोंडाला लावला. शेवटी नानांनी सोनगीरला मोतीलाल आबांना व्हिडिओ कॉल लावला. आबा भावकीत सगळ्यात मोठे, त्यांचा शब्द शेवटचा. मी भिंतीवरून मान काढलीच.

नानांनी सगळं सांगितलं आणि भीत भीत विचारलं, "आबा, वरच्या खोलीतल्या पोराला दिलं तर?"

पडद्यावर आबांचा नुसता कान दिसत होता. कान म्हणाला, "दयताना त्याना नावनी मूठ टाकेल शे का?"

दळताना त्यागूच्या नावाची मूठ! नियम आबांनी मोडला नसता आणि नानांनी तर मूठ टाकलीच नव्हती.

"टाकेल शे," अक्का म्हणाली.

नाना वळून बघतच राहिले. "कधी?"

"तुम्ही फोनवर पास-पास करत होता तेव्हा." मग ती आबांच्या कानाकडे बघून बोलली, "त्यानी माय तठे कोठे कानबाई बसाडस, आबा? तो बी कोना तरी पोऱ्या शे. मना पोऱ्याले सुरतले कोनी तरी घास देतच व्हई ना?"

आबांचा कान पडद्याच्या आणखी जवळ सरकला. मग आवाज आला, "मंग इतला दिन त्याले उपाशी का ठेवात, येड्यासहोन? वाढा!"

त्यागूनं तूप-गुळाशी रोट खाल्ले, असे खाल्ले की तवा थांबेना. संध्याकाळी डबा पालथा केला तेव्हा चिमूटभर पीठ पडलं नाही. अक्कानं हात जोडले, नवीनला फोन लावला आणि "जेवलास का रे?" एवढंच विचारून ओक्साबोक्शी रडली. तिकडून तो घाबरून विचारतोय काय झालं, आणि इकडे नाना त्याला सांगतायत, "काही नाही रे, तुला भाऊ झालाय. दाढीसकट!"