जेठांनी सांगितलेलं माझं दुखणं

"मुकी आहे का ही?" देवपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या जेठांना, नवऱ्याच्या थोरल्या भावाला विचारलं. मला नाही.

ब्याण्णव सालची गोष्ट. मी डोक्यावरून पदर ओढून भिंतीशी उभी. आमच्याकडे सून जेठांसमोर तोंड उघडत नाही. हे दोंडाईचाकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. एवढ्या शिकलेल्या माणसाला नव्हतं. जेठ म्हणाले, "बठ्ठा दिन रडस, डॉक्टरसाहेब. काम सुचस नही तिले." माझी वर्षाची लेक तापात गेली होती. ते त्यांनी सांगितलं नाही, डॉक्टरांनी विचारलं नाही. गोळ्या लिहून मोकळे.

जेठ गोळ्या आणायला गेले. मी बाहेर बाकावर. माझ्यामागून एका प्राध्यापकाची बायको आत गेली. दाराला नुसता पडदा, सगळं ऐकू येत होतं. "बसा वहिनी. सावकाश सांगा, मला घाई नाही." तिची आई वारली होती. ती रडली, डॉक्टर ऐकत राहिले. मग म्हणाले, "रडू येणारच हो. याला औषध कशाला?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तिच्या साडीवर, चपलांवर माझा डोळा नव्हता. पण तिचं रडणं दुःख ठरलं आणि माझं रोग! जळले मी तिच्यावर. अजून जळते, खोटं कशाला बोलू?

गोळ्यांनी रडू आटलं. हात कापायचे, भाकरी थापताना लाळ गळायची. लेकीचा चेहरा आठवायला बसले की झोपच यायची. घरचे खूश. सून कामाला लागली ना!

पुढच्या खेपेला मी जेठांसमोरच पदर मागे सारला. "मी मुकी नही शे. मनी पोर मरी गई. माले कोणीच इचारं नही." जेठ शरमेनं बाहेर निघून गेले. डॉक्टरांनी मानही वर केली नाही. "आता फार बोलतेय. डोस वाढवू."

गप्प होते तेव्हा रोग. बोलले तरी रोग. मग मी बरी कधी?

गोळीशी माझं वैर नाही. कुणाला ती तारतही असेल. पण माणसाला न विचारता त्याच्या तोंडात कोंबलेली गोळी म्हणजे बोळाच. मी खुर्ची ओढून बसले. "तुम्ही त्या बाईनं दुख ऐकं, तसं मनं बी ऐका. मंग गोळीनं काय ते देखू."

"बाहेर पेशंट थांबलेत," डॉक्टर म्हणाले.

थांबू देत. मी उठले नाही. माझं दुखणं माझ्याच तोंडून ऐकावं लागेल. त्याशिवाय कुणाचीही गोळी मी गिळणार नाही.