आधी पिना टेकवायच्या

वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात मी तपासणीच्या टेबलावर बसते. सर्किट बोर्डवरचा डायोड चांगला आहे की गेला, हे मीटर लावून ठरवायचं. डायोड एका बाजूनं वीज जाऊ देतो, उलट्या बाजूनं अडवतो. दोन्हीकडून मीटर गप्प राहिलं, तर तो गेला. याला अक्कल फार लागत नाही, शिस्त लागते.

ती शिस्त सोल्डरिंगला बसणाऱ्या एका बाईकडे होती. सिल्लोडकडची, ठेकेदारामार्फत आलेली. मी रजेवर असले की माझ्या जागी तिला बसवत. बोर्ड हातात घेण्याआधी ती दर वेळी मीटरच्या वायरींच्या टोकाच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवायची. मीटर वाजलं की मगच काम. एकदा मी सगळ्यांसमोर म्हणाले, "घंटा वाजवल्याशिवाय तुझा देव जागा होत नाही का?" बायका हसल्या. तीही हसली आणि तिनं पुन्हा पिना टेकवल्या.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या ट्रेमधले बोर्ड एकामागून एक नापास व्हायला लागले. सोल्डरिंगचं तापलेलं आयर्न जास्त वेळ टेकवून हिनं डायोड जाळले, असं मी पूर्ण लाइनला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. ती उठून टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, पिना टेकवून बघितल्या व्हत्या का?"

"मला शिकवू नकोस," मी म्हणाले.

दुपारी सुपरवायझरनं तिला पॅकिंगला पाठवलं. पॅकिंगला गेलेली ठेक्यावरची बाई सहसा लाइनवर परतत नाही, आणि कपात झाली की पहिली तीच जाते. नापासच्या चिठ्ठीवर सही करताना हे मला माहीत होतं.

दोन दिवसांनी लाइनवरच्या दुसऱ्या एकीचा ट्रेही नापास व्हायला लागला. तेव्हा कुठं मी पिना टेकवल्या. मीटर वाजलं नाही. लाल वायर पिनेजवळ आतून तुटली होती. एका बाजूला वाकवून धरली की चालायची, सोडली की बंद. नव्या वायरी लावून मी सिल्लोडच्या बाईचे सगळे बोर्ड पुन्हा तपासले. एकही डायोड गेलेला नव्हता.

पॅकिंगचं टेबल माझ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. मी तिकडे गेले नाही, सुपरवायझरच्या केबिनमध्ये गेले. फेरतपासणीत बोर्ड पास झालेत, तिला परत घ्या, एवढंच बोलले. वायरीचा विषय काढला नाही. सुपरवायझर म्हणाला, "मन मोठं आहे हो तुमचं, मॅडम." तेही मी ऐकून घेतलं.

ती दुसऱ्या दिवशी लाइनवर आली. ट्रे ठेवताना तिची नजर मीटरवर गेली.

"वायरी नव्या दिसतात," ती म्हणाली.

"हो."

ती थोडा वेळ उभी राहिली. मी काही बोलेन म्हणून असेल. मग जागेवर जाऊन बसली.

लाइनवर मात्र ती 'डायोड जाळणारी'च राहिली. परवा एक नवीन मुलगी सोल्डरिंगला आली, तर बाकीच्यांनी तिला हसत हसत बजावलं, हिच्यासारखं आयर्न धरून बसू नको. सिल्लोडच्या बाईनं मान वर केली नाही. मी समोरच होते. मी पिना टेकवल्या, मीटर वाजलं, आणि पुढचा बोर्ड घेतला.