कोवळं ऊन

आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून बाबांना अन्ननलिकेचा कॅन्सर आहे हे तिला सांगायचं नाही, असं मीच ठरवलं. बाबा मिरकरवाडा बंदरात मासळीचा लिलाव पुकारायचे. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बंदरावर बोंब झाली असती आणि लोक बिचारा बिचारा करत दारात आले असते. ती कीव मला नको होती.

मुंबईच्या डॉक्टरांनी शिरेतून औषध दिलं आणि दोन दिवसांनी घशातून नळी घालून गाठीवर लाल उजेड सोडला. औषध गाठीत साठतं, उजेड पडला की गाठ जळते. पण ते कातडीतही उरतं. "महिनाभर अंगावर ऊन नको, दहा मिनिटांतही भाजेल," त्यांनी चारचारदा बजावलं. घरी येऊन मी खिडक्यांना चादरी ठोकल्या. राजापूरहून आत्या मुक्कामाला आली, तिला सांगितलं, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय.

बाई आल्यापासून माझ्या डोक्याला ताप. "काय गो, माणसाला असं कोंडून घालतात? बरा कसा व्हायचा तो?" रोज हेच. मीही उलट फाडफाड बोलायचे. या सगळ्यात एकच गोष्ट बरी झाली, बाबांना पेज गिळता यायला लागली.

विसाव्या दिवशी सकाळी बाजारातून आले, तर बाबा अंगणात खुर्चीवर. अंगात नुसतं बनियन, डोळ्यांवर काळा गॉगल. शेजारी आत्या, खुशीत. "कोवळं ऊन गो. आणि डोळे झाकलेत की!"

माझं डोकंच फिरलं. बाबांना आत ओढलं आणि तिला नको नको ते बोलले. अवदसा म्हणाले. मग बाबांवर घसरले, "तुम्हाला तरी कळत नव्हतं?"

"वीस दिवस झाले गो," ते म्हणाले. "वाटलं, कोवळं आहे."

संध्याकाळी हात सुजून लालबुंद झाले, दुसऱ्या दिवशी फोड आले. वाडगा धरवेना. आता कुठे गिळता येणारी पेज मी चमच्याने भरवत होते आणि आत्याकडे खाऊ का गिळू बघत होते. खोटं मी बोलले होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी राग तिच्यावरच काढत होते.

ती कोपऱ्यात बसून होती. मी वाडगा खाली ठेवल्यावर हळूच म्हणाली, "माझं चुकलं गो. पण डोळे तरी वाचले ना त्याचे?"