दिवा लावून जाणाऱ्या चार ओळी

आमच्या ह्यांना ऑफिसात सगळे किल्लीदार म्हणतात. कंपनीची यंत्रं कुठल्या कुठे, दुसऱ्या गावांत, दुसऱ्या देशांत. हे घरच्या टेबलाशी बसून कॉम्प्युटरवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करतात आणि त्यातल्या हव्या त्या यंत्रात शिरतात. त्याला एसएसएच म्हणतात, एवढं आता मलाही कळतं. कुलूप तिकडच्या यंत्रावर, किल्लीची फाइल ह्यांच्याकडे. पासवर्डसुद्धा विचारत नाही. माझं शिवणयंत्र त्याच खोलीत आहे, त्यामुळे ह्यांची टकटक आणि मग "गेलो आत" असं स्वतःशीच पुटपुटणं मी दिवसभर ऐकते. एखाद्या माणसाच्या घरी जायचं म्हटलं की मात्र ह्यांच्या जिवावर येतं.

सासूबाई एकट्या राहतात, इथून बसने दिवस मोडतो एवढ्या लांब. सासरे गेले तेव्हा ह्यांनी तिथल्या कपाटावर साबणाच्या वडीएवढा कॉम्प्युटर ठेवला. घरच्या फोटोंची एक प्रत तिथे राहील, आणि यंत्राने उत्तर दिलं की घरात वीज आहे, सगळं जागच्या जागी आहे एवढं कळेल, असा विचार. त्याला एक निळा दिवाही जोडला. "आई, मी आत आलो की हा लागेल. दिवा लागला की समज, मी येऊन बघून गेलो."

सुरुवातीला खरंच जायचे. आंघोळीआधी, आंघोळीनंतर, आठवेल तेव्हा. मग काम वाढलं. एकदा बघते तर हे सकाळी पेपर वाचत निवांत बसलेले.

"आज आईंकडे नाही गेलात?"

"चार ओळी लिहून ठेवल्यात. त्या रोज सकाळी आपोआप आत जातात, सगळं ठीक आहे ना बघतात आणि बाहेर पडतात. काही बिघडलं तर मला मेसेज येतो."

वर असा चेहरा, जणू मोठा पराक्रम केला. मी म्हटलं, "मग फोनवर बोलायलाही लिहा चार ओळी, तेवढाच त्रास वाचेल." हे हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

मग नणंदेचा फोन आला. ती त्याच गावात, पण पार दुसऱ्या टोकाला राहते. आईंना चक्कर येऊन त्या मोरीत पडल्या होत्या. हाड वाचलं होतं, पण आता एकटं ठेवू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नणंद न्यायला तयार, खोलीही आवरून ठेवलेली. आणि आई काही केल्या हलेनात.

"दादा, तूच सांग आता तिला," ती म्हणाली. "म्हणते, सकाळी तो येतो, तेव्हा मी घरात हवी. फिरायला जाणं बंद केलंय. चहा घेऊन त्या दिव्यासमोर बसते आणि तुझ्याशी बोलते. गुडघा दुखतोय, दूधवाला बदलला, सगळं सांगते."

फोन ठेवला तेव्हा ह्यांचं तोंड पार उतरलं होतं. "मी फार नालायक माणूस आहे," हे म्हणाले. मी नाही म्हटलं नाही. त्या ओळी पुसाव्यात तर दिवा लागायचा नाही, आणि मुलाचं काही बरंवाईट झालं म्हणून आई हाय खाणार. ठेवाव्यात तर फसवणूक चालूच. त्यात आपल्या आईने त्या मोरीत पुन्हा पडायचं, तेही ह्यांनी न केलेल्या भेटीसाठी. दोन दिवस ह्यांना जेवण गेलं नाही. शेवटी मीच बॅग भरली.

तिथे पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदही आली. सगळे चहाला बसलो. हे रात्रभर शब्द जुळवत होते आणि आता ह्यांचा चहा तसाच गार होत होता. तेवढ्यात कपाटावरचा दिवा लागला. हे आईंच्या समोर बसलेले, दोन्ही हातांत कप, आणि दिवा आपला लागलेला. निघायच्या गडबडीत ओळी बंद करायच्या राहिल्या होत्या.

"आई, तो मी नाही," हे म्हणाले. "गेलं वर्षभर मी नव्हतोच. चार ओळी लिहून ठेवल्या होत्या, त्याच येऊन जायच्या. माझं चुकलं."

"माहीत आहे," सासूबाई म्हणाल्या. "आधी कधी लवकर लागायचा, कधी उशिरा, कधी दिवस दिवस नाही. मग एकदम रोज ठरल्या वेळेला लागायला लागला. तू जन्मात कधी वेळेवर आलायस का?"

नणंद चिडलीच. "मग माझ्याकडे का येत नव्हतीस? कोणाची वाट बघत होतीस?"

"एखाद्या दिवशी भलत्याच वेळी लागला असता तर? तेव्हा मी घरात नको?"

ह्यांनी कप खाली ठेवला. "आई, तू हिच्याकडे जा. मी येत जाईन, अगदी नक्की."

"जाते ना, आजच जाते." सासूबाईंनी गार झालेला चहा ह्यांच्यापुढून उचलला आणि गरम करायला निघाल्या. "त्या तुझ्या ओळींना तेवढं सांगून ठेव, मी लेकीकडे गेले म्हणून. बिचाऱ्या एक दिवस चुकल्या नाहीत."